नाशिक–नागपूर दीड तास. मग देवळा–नागपूर किती?

(देवळा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय वरवर पाहता दोन आकड्यांचा आहे. नाशिक ते नागपूर हवाई अंतर किती, आणि विमानाला वेळ किती लागतो? मोबाइलवर विचारलं तर क्षणात उत्तर येतं. मग त्यासाठी तासभर बोलायचं काय? तर आधी एक प्रसंग सांगतो आणि मग विषयाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नागपूरहून फोन आला. मावशी दवाखान्यात आहे, जमेल तितक्या लवकर निघा. फोन ठेवला आणि आम्ही पहिल्यांदा काय केलं? जे कुणीही करेल तेच. मोबाइलवर नाशिक–नागपूर विमान पाहिलं. दीड तास! जिवात जीव आला. मग नीट वाचलं. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. शेवटी मनमाडला जाऊन रात्रीची गाडी पकडली आणि सकाळी दहाच्या सुमारास मावशीच्या उशाशी पोचलो. ती बोलत होती. दुपारनंतर तिचं बोलणं थांबलं. विमानाची वाट पाहिली असती, तर त्या वेळेला आम्ही अजून आकाशात असतो.

त्या दिवसापासून हा हिशोब डोक्यात घोळतोय. दीड तासाचं विमान बारा तासांच्या रेल्वेपुढे हरलं कसं? आज तेच उलगडून पाहू.

अंतर म्हणजे नेमकं कुठून कुठवर?

आपल्या जुन्या माणसांची अंतर सांगायची पद्धत आठवा. ते किलोमीटर सांगत नसत. 'दोन मजला', 'एका दिवसाची वाट', 'सकाळी निघालं की दुपारच्या भाकरीला पोचतो' असं सांगत. म्हणजे ते अंतर वेळेत मोजत. आपण त्यांना अडाणी समजलो, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. माणसाला शेवटी पोचायचं असतं.

आता किलोमीटरकडे येऊ. दोन गावांमधलं अंतर हा एक आकडा नसतो, निदान तीन आकडे असतात. सरळ रेषेतलं म्हणजे हवाई अंतर, रस्त्याचं अंतर आणि रेल्वेचं अंतर. हवाई अंतर कुणी फूटपट्टी लावून मोजत नाही, ते अक्षांश-रेखांशांवरून काढतात. ही रीत आठवीतल्या मुलालाही जमेल, म्हणून फळ्यावर करून दाखवतो.

आपलं ओझर विमानतळ 20.12 उत्तर अक्षांश आणि 73.91 पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचं विमानतळ 21.09 आणि 79.05 वर. म्हणजे नागपूर आपल्यापेक्षा 0.97 अंश उत्तरेला आणि सुमारे 5.13 अंश पूर्वेला आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर. त्यामुळे उत्तरेकडचं अंतर 108 किलोमीटरच्या आसपास झालं.

रेखांशाचं गणित थोडं वेगळं. संत्र्याच्या फोडी आठवा. फोड मधोमध रुंद असते आणि टोकांकडे निमुळती होते. रेखांशही तसेच ध्रुवांकडे जवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश 111 किलोमीटरचा, पण आपल्या उंचीच्या अक्षांशावर तो 104 किलोमीटरचाच भरतो. म्हणून पूर्वेकडचं अंतर 5.13 गुणिले 104, म्हणजे 534 किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा, 108 आणि 534 या दोन बाजू आणि कर्ण काढायचा. उत्तर येतं 545 किलोमीटर. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे खरं सूत्र याहून मोठं आहे; पण एवढ्या अंतराला फरक नगण्य पडतो.

आता कुणी म्हणेल, 'आमच्या मोबाइलवर तर 567 दाखवतंय.' तेही बरोबर आहे. ते नाशिक शहराच्या मध्यापासून नागपूर शहराच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे. आपण विमानतळापासून विमानतळापर्यंतचं काढलं. रेल्वेने नाशिकरोड ते नागपूर विचाराल तर सुमारे 650 किलोमीटर. आकड्यांचं भांडण बहुतेक वेळा टोकांचं भांडण असतं. कुठून आणि कुठवर हे आधी ठरवा, मग आकडा विचारा.

545 किलोमीटरला दीड तास का?

आपल्याकडच्या कमी पल्ल्याच्या मार्गांवर बहुधा पंख्याचं विमान असतं. एटीआर-72 नावाचं, सत्तर-पंचाहत्तर माणसांचं. त्याचा सरळ उडतानाचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. मग 545 किलोमीटरला साधारण 65 मिनिटं लागायला हवीत. तिकिटावर दीड तास का?

कारण तिकिटावरचा वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. चाकांना लावलेले अडसर काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि तिकडे पोचून पुन्हा अडसर लागले की थांबतं. याला विमानवाले 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आलं, परवानगीची वाट पाहणं आलं, कमी वेगात उंची गाठणं आलं, उतरताना वळसा घेणं आलं. शिवाय आकाशातही वाटा ठरलेल्या असतात, नाकासमोर सरळ जाता येतंच असं नाही. या सगळ्याला आपण 25 मिनिटं धरू. 65 अधिक 25, म्हणजे दीड तास.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. समजा, ताशी 50 किलोमीटरचा वारा पाठीशी आहे, तर नागपूरला जाताना जमिनीवरचा वेग 550 होईल आणि 59 मिनिटं लागतील. येताना तोच वारा तोंडावर, म्हणजे वेग 450 आणि वेळ 73 मिनिटं. त्याच वाटेवर जाण्या-येण्यात पाव तासाचा फरक पडतो.

आता देवळ्याहून निघू

इथवरचा हिशोब विमानाचा होता. आता माणसाचा मांडू. आपण देवळ्यात राहतो, ओझरला नाही.

देवळा ते ओझर हवाई अंतर पन्नास किलोमीटरच्या आत. पण आपण भावडबारी उतरणार, सोग्रस फाट्याला मुंबई-आग्रा महामार्ग धरणार, पिंपळगाव बसवंत ओलांडणार, ओझर मागे टाकून दहाव्या मैलाला आत जानोरीकडे वळणार. 'दहावा मैल', बघा, नावातच अंतर आहे! ही वाट साठ किलोमीटरच्या आसपास. कांद्याच्या हंगामात पिंपळगावला ट्रॅक्टरची रांग लागली तर काय होतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. दीड तास धरा.

विमानतळावर निघायच्या तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते. म्हणून शहाणा माणूस दीड तास आधी पोचतो. मग विमानाचा दीड तास. उतरून, बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास. नागपूरचं विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच; तिथे मेट्रोचं स्टेशनही आहे. तिथून सीताबर्डीला किंवा घरी जायला अर्धा तास.

बेरीज करा. दीड, दीड, दीड, अर्धा, अर्धा. साडेपाच तास. त्यात विमान जागचं हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ दीडच तास. बाकीचे चार तास आपण जमिनीवर आहोत.

आता शेजारी दुसरी वाट मांडू. गाडीने जायचं तर चांदवड, मनमाड, येवला, कोपरगाव करत शिर्डीपर्यंत सव्वाशेच्या आत-बाहेर किलोमीटर, आणि तिथून समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, आणि 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा होऊन 701 किलोमीटरचा सगळा रस्ता पूर्ण झाला. गाड्यांना वेगाची मर्यादा ताशी 120. थांबे धरून देवळ्याहून साडेआठ तास. रेल्वेने म्हणाल तर मनमाड आपल्याला पन्नासेक किलोमीटर, म्हणजे ओझरपेक्षाही जवळ. तिथून नागपूर नऊ-साडेनऊ तास. घरापासून घरापर्यंत पावणेबारा-बारा तास.

म्हणजे साडेपाच, साडेआठ आणि बारा. विमान जिंकलं. पण केव्हा? तुम्हाला हव्या त्या वेळी विमान असेल तेव्हा. आमच्या मावशीच्या वेळी विमान अठरा-वीस तासांनी होतं आणि गाडी चार तासांनी. म्हणून हिशोबात आणखी एक रकाना हवाच, 'पुढची फेरी केव्हा?' रोज एकच फेरी असेल तर हा रकाना सगळ्यात मोठा असतो. आठवड्यातून तीनच फेऱ्या असतील तर तासांचा हिशोब दिवसांवर जातो.

पुण्याचं उदाहरण

आता एक गंमत पाहू. पुण्याचं लोहगाव विमानतळ 18.58 अक्षांश आणि 73.92 रेखांशावर आहे. ओझरचा रेखांश 73.91. म्हणजे पुणे आपल्या बरोबर खाली, दक्षिणेला. फोडी-बिडी काही नको. दीड अंशाहून थोडं जास्त, म्हणजे 171 किलोमीटर. नागपूरच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

विमानाला किती वेळ? 171 किलोमीटरला 20 मिनिटं आणि सरकण्या-चढण्या-उतरण्याची तीच 25 मिनिटं. पाऊण तास. आता देवळ्याहून घरापासून घरापर्यंत धरा. ओझरपर्यंत दीड तास, विमानतळावर दीड तास, विमान पाऊण तास, बाहेर यायला अर्धा तास, आणि लोहगावहून कोथरूडला जायला पुण्याच्या गर्दीत एक तास. सव्वापाच तास.

लक्षात आलं का? नागपूर तिप्पट लांब, पण वेळ साडेपाच तास. पुणे जवळ, तरी सव्वापाच. आणि पुण्याला गाडीने सहा तासांत जाता येतं, मधे नारायणगावला चहाही होतो. नाशिक शहरातल्या माणसाला तर रस्ता 210 किलोमीटरचाच. त्याला विमानाने जाऊन काहीच हाती लागत नाही.

'उडान' योजनेचं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 ला शिमला–दिल्ली मार्गावर उडालं. साधारण 500 किलोमीटरच्या, तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, अशी ठराविक जागांपुरती भाड्याची मर्यादा होती आणि कंपनीला तीन वर्षं तुटीची भरपाई. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ओझरहूनही छोट्या विमानांची सेवा सुरू झाली, मुंबई आणि पुण्यासाठी. आपल्याला केवढा आनंद झाला होता! पुढे ती टिकली नाही. कारणं बरीच असतील, पण आत्ताचं गणित पाहिल्यावर एक कारण फळ्यावरच दिसतंय. जिथे वेळ वाचत नाही, तिथे अनुदान संपल्यावर प्रवासी का यावा? मार्च 2023 मध्ये अहमदाबाद, गोवा आणि नागपूरची विमानं सुरू झाली. ही गावं लांबची आहेत, तिथे गणित वेगळं आहे.

विमान कुठून पुढे परवडतं?

आता हे सगळं एका ओळीत आणू, म्हणजे घरी जाऊन तुम्हाला कुठल्याही गावासाठी करता येईल.

विमानप्रवासाला एक ठोक वेळ लागतो, अंतर कितीही असो. देवळ्याच्या माणसाला तो साडेचार तास. त्यापुढे दर 100 किलोमीटरला विमान 12 मिनिटं घेतं. रस्त्याला असा ठोक वेळ नाही, पण साध्या दुपदरी रस्त्यावर दर 100 किलोमीटरला दोन तास जातात. म्हणजे विमान प्रत्येक 100 किलोमीटरला एक तास 48 मिनिटं वाचवतं. साडेचार तासांचं कर्ज फेडायला त्याला साधारण 250 किलोमीटर लागतात. त्याच्या आतलं गाव असेल तर रस्ता बरा. पुढचं असेल तर विमान. पुणे नेमकं या काठावर बसतं.

आणि रस्ता सुधारला तर? समृद्धीसारख्या वाटेने, थांबे आणि सुरुवातीचा साधा रस्ता धरून, सरासरी 75 किलोमीटरचा वेग मिळाला, तर 100 किलोमीटरला एक तास 20 मिनिटं. विमानाची बचत एक तास आठ मिनिटांवर येते. मग कर्ज फेडायला 400 किलोमीटर लागतात. म्हणजे चांगल्या महामार्गाने विमानाची रेघ दीडशे किलोमीटर पुढे ढकलली.

आता उलटं पाहू. विमानाचा वेग ताशी 500 चा 600 केला, तर नागपूरला किती मिनिटं वाचतील? जेमतेम दहा. आणि घर ते विमानतळ हा वेळ दीड तासाचा एक तास केला तर? अर्धा तास, तोही प्रत्येक गावासाठी. विमान बदलणं आपल्या हातात नाही. पण कसमादे पट्ट्यातून, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्यातून विमानाच्या वेळेला जुळणारी एक एसटी जानोरीपर्यंत मागणं आपल्या हातात आहे. विमानतळावरून परत यायला रात्री वाहन मिळणं, हा आपला प्रश्न आहे. आपण नेहमी 'नवं विमान द्या' म्हणतो. 'विमानापर्यंत जायला गाडी द्या' असं कुणी म्हणत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मग ओझरचं विमानतळ आपल्या उपयोगाचं नाही, असं समजायचं का?*

अजिबात नाही. ओझरची धावपट्टी तीन किलोमीटर लांबीची आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यामुळे, लढाऊ विमानांसाठी बांधलेली. मोठी प्रवासी विमानं तिथे आरामात उतरतात. दिल्लीचं उदाहरण घ्या. ओझरहून हवाई अंतर सुमारे 990 किलोमीटर. रस्त्याने किंवा रेल्वेने दिवस जातो, तिथे साडेचार तासांचं कर्ज किरकोळ आहे. मुलगी दिल्लीला शिकत असेल, मुलगा बंगळुरूला नोकरीत असेल, तर ओझरचं विमान हे फार मोठं साधन आहे. आमचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक गावासाठी वेगळा हिशोब करा.

*प्रश्न : शिर्डीचं विमानतळ आपल्याला सोयीचं नाही का?*

ते 1 ऑक्टोबर 2017 ला सुरू झालं. पण ते शिर्डी गावात नाही, काकडीला आहे, शिर्डीच्याही पुढे. देवळ्याहून ओझरच्या दुपटीहून जास्त वाट. हवं ते विमान ओझरहून नसेल आणि शिर्डीहून असेल, तेव्हाच विचार करा. आणि तेव्हा ठोक वेळ साडेचारचा सहा तास धरा.

*प्रश्न : अडीअडचणीला नेमकं काय करायचं? त्या वेळी हिशोब सुचत नाही.*

खरं आहे. म्हणून तो आधी करून ठेवायचा. तुमचं माणूस जिथे आहे, त्या गावासाठी एका कागदावर तीन ओळी लिहा. विमानाने घरापासून घरापर्यंत किती तास आणि फेरी कोणत्या वारी, कोणत्या वेळी. रेल्वेने किती, आणि मनमाडला गाडी केव्हा. गाडीने किती. विमानाचं वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, म्हणून ती ओळ दर सहा महिन्यांनी तपासा. कागद देव्हाऱ्याजवळ नाहीतर फ्रीजवर लावा. फोन आला की आधी घड्याळ पाहा, मग कागद पाहा. या घडीला निघालो तर सगळ्यात आधी कोण पोचवेल, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्याकडे तेव्हा असा कागद नव्हता. मोबाइलवरच्या दीड तासाकडे बघत पाऊण तास घालवला आणि मनमाडची गाडी धावत पकडली. थोडक्यात मिळाली म्हणून मावशीशी बोलणं झालं. तुमच्या घरी असा कागद लागलेला असावा, एवढ्यासाठी आजचं हे गणित.